ताईंच्या कांडीचं पोट

ताईंचा फोन संध्याकाळी आला होता, मी कुकर लावत होते तेव्हा. "मंदा, नवा घाणा झाला बरं. बंब भरून ठेवला. उद्या सकाळी पेटवतो अन् पोट पाहून तुले सांगतो." आमच्या वऱ्हाडात बायाही 'येतो-जातो'च म्हणतात. ताई जन्मभर अमरावतीला कॉलेजात शिकवत होत्या, पण घरी बोलणं असंच. मी म्हटलं, "सांगजा, पण आधी आंघोळ करजा. थंडी लय हाय." त्या हसल्या... आणि तेच शेवटचं बोलणं झालं. सकाळी फोन आला तो शेजारच्या वानखडे काकूंचा. दूधवाला हाका मारून दमला, तेव्हा काकूंनी त्यांच्याकडची चावी लावून दार उघडलं, तर ताई झोपेतच गेलेल्या. अंगावरची रजई सरळ, चष्मा उशाशी. डॉक्टर म्हणाले, त्यांना कळलंही नसेल. आम्ही अकोल्याहून पोचलो तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं आणि कोपऱ्यात तो तांब्याचा बंब, आत कांड्या रचलेला, तसाच उभा होता. कुणीतरी म्हणालं, पाणी तापवायचं आहे, बंब पेटवा. माझ्या नवऱ्यानं, म्हणजे ताईंच्या धाकट्या भावानं, "त्याले हात नका लावू" एवढंच म्हटलं. पाणी मग गॅसवर तापलं.

ताईंना न ओळखणाऱ्यांना हे सगळं कोड्यासारखं वाटेल. कसला घाणा, कसलं पोट? म्हणून आधी कांडीचं सांगते. अकोल्याच्या एमआयडीसीत आमचा लहानसा कारखाना आहे. कापूस वेचून झाला की शेतात कपाशीची वाळकी झाडं उरतात, त्यांना आम्ही पऱ्हाटी म्हणतो. पूर्वी तिच्यावर चूल पेटायची, आता गॅस आला, तेव्हा बहुतेक जण ती शेतातच पेटवून देतात. आम्ही ती आणतो, तिचा भुगा करतो आणि यंत्रात दाबून मनगटाएवढ्या जाड कांड्या पाडतो. भट्टीवाले आणि बॉयलरवाले त्या जळण म्हणून नेतात. ताईंची कांडी मात्र वेगळी होती. तिच्यात पऱ्हाटीसोबत पेटकोक असायचा. खनिज तेल शुद्ध करताना अगदी तळाचा जो काळा गाळ उरतो, त्याचा केलेला तो कोळसा. अशी कांडी जळून थंड झाली की मधोमध मोडायची. आत सगळी पांढुरकी राख असेल तर कांडी पुरती जळाली. मध्ये काळा ठिपका दिसला तर समजायचं की पेटकोक तेवढा न जळता राहिला. यालाच ताई पोट पाहणं म्हणायच्या. तो काळा ठिपका घालवायचा, हा त्यांच्या आयुष्यातल्या मागच्या कितीतरी वर्षांचा ध्यास होता. त्या गेल्या त्या रात्री बंबात रचून ठेवलेल्या कांड्या त्यासाठीच होत्या, आणि त्यांचं पोट पाहायचं राहून गेलं.

माझी आणि ताईंची पहिली भेटही आगीवरच झाली. माझं माहेर वरूडचं, वडील संत्र्याच्या व्यापारातले. मला पाहायला अमरावतीहून मंडळी आली. मुलगा खाली मान घालून बसला होता आणि त्याची थोरली बहीण, जाड भिंगाचा चष्मा लावलेली, माझ्याकडं टक लावून पाहत होती. स्वयंपाक येतो का, शिवण येतं का, या प्रश्नांची तयारी मी केली होती. ताईंनी विचारलं, "पावसाळ्यात लाकूड ओलं असलं तं चूल कशी पेटवतं वो तू?" माझी काकू घाईनं म्हणाली की आमच्याकडं गॅस आहे. मी म्हटलं, "संत्र्याची वाळकी सालं घालून." ताई एकदम ताठ बसल्या. "दाखवतं काय?" आणि खरोखर आम्ही दोघी मागच्या अंगणात गेलो. चुलीत सालं घातली, काडी लावली, ती तडतडत पेटली. ताई उकिडव्या बसून ज्योतीकडं बघत राहिल्या. सालात तेल असतं, ते आधी उडतं आणि पेट घेतं, मग बाकीचं जळतं, असं काहीतरी त्या मला समजावत होत्या आणि आत नवरा मुलगा पोह्यांची बशी हातात धरून थांबला होता. परत जाताना त्या भावाला म्हणाल्या म्हणे, "हिलेच आण घरी." माझ्या लग्नाला कारण संत्र्याची सालं, असं मी पुढं कितीदा तरी बोलून दाखवलं. ताईंनी ते कधी नाकारलं नाही.

ताईंचा अभ्यासाचा विषयच मुळी जळण. वेगवेगळी जळणं एकत्र केली की कशी पेटतात, कोण कोणाला पेटवतं, कोण मागं राहतं. नवी नवरी असताना मला त्यांनी कॉलेजातली प्रयोगशाळा दाखवायला नेलं. एक छोटी विजेची भट्टी, तिच्यात एक नाजूक तराजू. चिमूटभर नमुना तराजूत ठेवायचा, भट्टी तापवत न्यायची आणि नमुना जळता जळता हलका कसा होत जातो, त्याची रेघ कागदावर उमटायची. पऱ्हाटीची रेघ जरा ऊब लागली की धाडकन खाली यायची. पेटकोकची रेघ आडवी ती आडवीच, पार उशिरापर्यंत. सगळे आटोपून घरी गेल्यावर मग ती हळूच खाली उतरायची. ताई म्हणाल्या, "पाह्य, पऱ्हाटी म्हणजे आपला विज्या. चटकन पेटते, भडकते, अन् खलास. पेटकोक म्हणजे मी. पेटाले उशीर, पण पेटला की राह्यते." मी विचारलं, "अन् मी?" त्या म्हणाल्या, "तू संत्र्याचं साल." आता हे कौतुक होतं की काय, मला आजही नीट कळलेलं नाही. पण भावाबद्दल त्या बोलल्या ते शंभर टक्के खरं होतं. आमचे हे दिवसातून दोनदा भडकायचे आणि दोन्ही वेळा चहा येईपर्यंत विझायचे.

लोक विचारायचे, ताईंनी लग्न का नाही केलं. समोर विचारायची छाती कुणाची नव्हती, म्हणून मला विचारायचे. मी एकदा ताईंनाच विचारलं. म्हणाल्या, "इचारलं कोनी अन् मले पसंत पडलं, असं एकाच वेळी झालंच नाई." त्यात खंत वगैरे काही नव्हती. अमरावतीचं ते तीन खोल्यांचं घर, मोठं अंगण, सुट्टीत आमची पोरं, बडनेऱ्याला गाडीतून उतरलं की ऑटो करून त्यांच्याकडं जायचं... ताईंचं आयुष्य भरलेलं होतं. ते पुरेपूर भरलेलं होतं, आणि हे मी मुद्दाम लिहितेय, कारण एकट्या बाईबद्दल लिहिताना लोक उगाच गळा काढतात.

आता अन्वरभाईंची गोष्ट. अकोल्याबाहेर त्यांची चुनाभट्टी आहे, वडिलांपासूनची. विहिरीसारखी उभी, वरून उघडी. वरून एक थर चुनखडीचा, एक थर जळणाचा, असं घालत जायचं. मधल्या भागात दगड भाजतो आणि खालून चुना निघतो. त्यांची भट्टी पेटकोकवर चालायची. पण तो लांबून यायचा. ट्रक अडकला की अन्वरभाईंचा जीव टांगणीला, कारण अशी भट्टी एकदा थंड पडली की पुन्हा तापवायला फार त्रास. शिवाय त्याच्या धुराला गंधकाचा उग्र वास. शेजारच्या वस्तीतल्या बाया भांडायला यायच्या. तेव्हा ते आमच्या यांच्याकडं आले. "विजूभाऊ, इथलंच काई जळन द्या ना. तुमची कांडी चालन काय माह्या भट्टीत?" यांनी ताईंना विचारलं. ताईंना तर हेच हवं होतं. इतकी वर्षं चिमूटभर नमुने जाळले, आता एक अख्खी भट्टी समोर येत होती. अर्धा पेटकोक आणि अर्धी आमची पऱ्हाटीची कांडी घालून पाहू, असं ठरलं. आमची जुनी गिऱ्हाइकं तेव्हा एकेक करून सुटत होती. यांनी अन्वरभाईंच्या भरवशावर त्या हंगामात दुसरीकडं कुठं हात पसरले नाहीत. भट्टी चालली तर कारखाना राहील, नाहीतर यंत्र विकायचं, असं त्यांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं. ताईंनाही ते माहीत होतं.

भट्टी चालली नाही. कांडी वरच्या वरच भडकली. भट्टीच्या तोंडातून पिवळा धूर आणि माणसाच्या उंचीच्या ज्वाळा, जणू काही होळीच. आणि दगड भाजायचा त्या मधल्या भागात पोचेपर्यंत पऱ्हाटीत काही शिल्लकच नव्हतं. पेटकोक बिचारा एकटाच खाली उतरला, अर्धवट तापलेला. खालून माल काढला तेव्हा अन्वरभाईंनी एक खडा हातोडीनं फोडला. कड पांढरी, आत करडा दगड जसाच्या तसा. त्यावर पाणी ओतलं. भाजलेला चुना असता तर चर्र करून फुलला असता. हा पाहुण्यासारखा भिजत बसला. अन्वरभाई आवाज न चढवता म्हणाले, "मॅडम, भट्टीचं डोकं तापलं अन् पोट थंडं राह्यलं." आमचे हे मात्र चढले. "ताई, तुह्या कागदावर सारंच जळते वो! इथं पाह्य!"  ताईंनी तो करडा खडा रुमालात बांधून पर्समध्ये टाकला आणि अमरावतीची गाडी पकडली. मला त्या दिवशी त्यांची फार काळजी वाटली होती. अपमान झाला म्हणून नव्हे. त्या जेवल्या नव्हत्या म्हणून.

पऱ्हाटी उपटून झाली, नवा हंगाम सुरू व्हायचा की आम्ही दरवर्षी कारखान्यामागच्या मोकळ्या जागेत रोडग्यांचं जेवण करतो. इकडच्या लोकांना रोडगे सांगायला नकोत, बाकीच्यांसाठी सांगते. जाड कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या आरात, म्हणजे निखाऱ्यांत, भाजायचे, राख झटकून फोडायचे, वर तूप ओतायचं, सोबत वरण आणि वांग्याची भाजी. त्या वर्षी यांनी जाहीर केलं, एवढे रोडगे शेवटचे, मग यंत्राला गिऱ्हाईक पाहतो. अन्वरभाईंनाही बोलावलं, कारण झाल्या गोष्टीत त्यांचा काही दोष नव्हता. आणि सकाळच्या गाडीनं ताई आल्या, सोबत एक पोतं. मधल्या काळात त्यांनी पेटकोकची पूड करून ती पऱ्हाटीच्या भुग्यात कालवली होती आणि हातानं दाबून नव्या कांड्या पाडल्या होत्या. पेटकोक आता बाहेर एकटा राहणार नव्हता, पऱ्हाटीच्या आतच बसणार होता. हे पोत्याकडं बघायलाही तयार नव्हते. ताईंनी पोतं गोवऱ्यांच्या ढिगाशेजारी टेकवलं आणि नेहमीप्रमाणे जाळाचा ताबा घेतला. आमच्या घरात जाळ ताईंचाच असतो. त्यांच्या हातातली काठी कुणी घेत नाही.

मी रोडगे वळत होते. ताई अन्वरभाईंना समजावत होत्या की मागच्या वेळी काय चुकलं. बोलता बोलता जाळ कमी वाटला म्हणून त्यांनी न बघताच बाजूला हात घातला आणि पुढ्यात आलं ते आगीत लोटलं. बोलणं चालूच. आम्हा कोणाच्या ध्यानात आलं नाही. रोडगे भाजले, फोडले, तूप घातलं, पंगत बसली. पहिला घास खाऊन हे थांबले. "ताई, रोडग्याले फटाक्याचा वास काहून येऊन राहिला?" सगळे थांबले. खरंच, दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी गल्लीत येतो तसा वास. ताईंनी गोवऱ्यांकडं पाहिलं, पोत्याकडं पाहिलं. पोतं अर्धं झालेलं. जळणावर उभा जन्म घालवलेल्या बाईनं गंधकाच्या आरात आम्हाला रोडगे भाजून घातले होते! आणि अन्वरभाई तर तोवर अख्खा रोडगा संपवत आले होते. मी म्हटलं, "भाई, तुमी काहून खाल्ला?" तर संकोचून म्हणाले, "मले वाटलं, तुमच्याकडं मसालाच असा असन." त्यावर जे हसू फुटलं ते काही केल्या आवरेना. आमचे हेसुद्धा हसत होते, यंत्र विकायला निघालेले.

ताई मात्र हसत नव्हत्या. त्या आरापाशी उकिडव्या बसल्या होत्या. काठीनं त्यांनी एक कांडी बाहेर ओढली, निवू दिली आणि मोडली. पऱ्हाटी केव्हाच राख झालेली आणि मध्ये पेटकोक काळाच्या काळा. शेजारची गोवरी फोडली, ती आतपर्यंत लालबुंद. बराच वेळ दोन्हींकडं आळीपाळीनं पाहून त्या म्हणाल्या, "विज्या, रोडगे टाकाच्या आधी आपन काय करतो?" हे म्हणाले, "काय करतो म्हंजे? धूर जाऊ देतो. जाळ बसला, आर झाला की मंग टाकतो." ताई म्हणाल्या, "मंग मी भट्टीत धूर काहून टाकला?"... तिथं बसलेल्या प्रत्येकाला ही गोष्ट लहानपणापासून माहीत होती, ताईंनाही. पऱ्हाटीतलं जे भडकन पेटतं, तो तिचा धूरच. तो वर पळून जातो आणि पेटकोकच्या काही कामी येत नाही. मागं जो आर उरतो, तोच शांतपणे जळत राहून पेटकोकला पेटवू शकतो. तेव्हा पऱ्हाटीचा धूर आधीच काढून टाकायचा, तिचा कोळसा करायचा, आणि त्या कोळशात पेटकोकची पूड कालवून कांडी पाडायची. ताई बोलत होत्या आणि मी वरणभात वाढत होते, कारण रोडगे तर कुणी खाणार नव्हतं.

आमच्या यांचा राग चहापर्यंत टिकत नाही हे मी लिहिलंच आहे. हट्टही तसाच. "एक हंगाम," ते म्हणाले. "फक्त एक." मग काय, कारखान्यात जुने ड्रम आले. त्यात पऱ्हाटी ठासून भरायची, पेटवायची आणि झाकण लावून हवा तोडायची. आत ती धुमसत राहते आणि तिचा कोळसा होतो. तो दळायचा, पेटकोकची पूड मिसळायची, खळ घालून मळायचं, मग यंत्रात. आम्ही सगळे इतके काळे दिसायचो की माझ्या बहिणीनं एकदा मला दारात ओळखलं नाही. ताई दर शनिवारी अकोल्याला यायच्या आणि सोमवारी पहाटे जायच्या. त्या दिवसांत त्यांना मी जितकं आनंदात पाहिलं तितकं एरवी कधी पाहिलं नाही. पदर खोचलेला, नाकावर काजळी, आणि आमच्या यांच्यावर ओरडणं चालू... मग ती कांडी अन्वरभाईंच्या भट्टीत गेली. या वेळी वर ज्वाळा नाहीत, धूर जेमतेम. दगड खाली यायला वेळ लागतो, तोवर आम्ही भट्टीभोवती फेऱ्या घालत होतो. माल निघाला. अन्वरभाईंनी खडा फोडला. आरपार पांढरा. पाणी ओतलं आणि तो चर्र करून असा फुलला की ताई दोन पावलं मागं सरल्या. अन्वरभाईंनी त्या पहिल्या चुन्याची एक डबी भरून ताईंना दिली. ताई पान खात नव्हत्या, पण ती डबी शेवटपर्यंत त्यांच्या देवघरात होती, गणपतीच्या डाव्या हाताला.

कारखाना राहिला. आज अन्वरभाईंच्या भट्टीत निम्म्याहून जास्त जळण आमचं असतं, आणि वस्तीतल्या बाया आता भांडायला येत नाहीत, अन्वरभाईंच्या भाषेत 'सलामदुआ' करतात. दुसरं कुणी असतं तर इथं थांबलं असतं. ताईंना मात्र तो काळा ठिपका सोसेना. भट्टी गरम, तिच्यात चालून जातं, पण म्हणून कांडीच्या पोटात न जळलेला पेटकोक राहू द्यायचा? निवृत्त झाल्यावर त्यांनी अंगणातला बंब हाच आपला तराजू केला. बंब भट्टीइतका तापत नाही. "बंबात जळली तं भट्टीत जळंनच," हा त्यांचा हिशोब. मग दर थोड्या दिवसांनी घरीच पाडलेल्या कांड्यांचा नवा घाणा. पूड आणखी बारीक, पेटकोक आणखी कमी. बंब पेटवायचा, आंघोळ उरकायची, आतली कांडी निवली की चिमट्यानं काढून पोट पाहायचं आणि मला फोन करायचा. "मंदा, आज वाटाण्याएवढा राह्यला." काही महिन्यांनी, "ज्वारीएवढा." मग, "तिळाएवढा, पण हाये मेला." निवायच्या आधी कांडी मोडायची नाही, हा नियम. हवा लागली की आतला उरलेला पुन्हा पेटतो, आणि खोटं उत्तर मिळतं. ताईंना खोटं उत्तर नको असायचं, मग खरं कितीही नावडतं असो.

या सगळ्यात आमचे हे एका गोष्टीवर अडून राहिले. ताईंकडं मुक्काम असला की ते बंबातल्या पाण्यानं आंघोळ करायचे नाहीत. "तुह्या पान्याले फटाक्याचा वास येते." ताई समजावायच्या की जाळ मधल्या नळीत असतो, पाणी बाहेर असतं, दोघांची गाठच पडत नाही. पटलं नाही असं नाही, पण त्या रोडग्यांचं उट्टं काढायची संधी ते कशी सोडतील! मग गॅसवर पातेलं चढायचं आणि ताई म्हणायच्या, "पऱ्हाटी कुठली." बहीण-भावाचं हे भांडण इतकं मुरलं होतं की ते झालं नाही तर मला चुकल्यासारखं वाटायचं. मला ताईंची सगळ्यात जास्त आठवण येते ती या भांडणाच्या वेळी, म्हणजे सकाळी, आंघोळीच्या वेळी.

त्या गेल्या त्याला आता काही आठवडे झाले. मागच्या रविवारी आम्ही दोघं घर आवरायला अमरावतीला गेलो. कपाट, भांडी, पुस्तकं... हात चालत होते, पण दोघांचंही लक्ष अंगणात. शेवटी हेच म्हणाले, "पेटव." मी म्हटलं, "तुमी पेटवा, तुमची बहीन होती." तर म्हणाले, "तुले जमते ते." फडताळात डबा होता, वरूडच्या संत्र्याच्या वाळक्या सालांचा. मीच दर हंगामात भरून पाठवायची. डबा जवळजवळ भरलेला होता. मी मूठभर सालं कांड्यांखाली सारली आणि काडी लावली. ती तडतडली, पेटली, आणि हळूहळू काळ्या कांड्यांच्या कडा लाल व्हायला लागल्या. धूर असा नव्हताच. आम्ही दोघं उकिडवे बसून बघत राहिलो, ताई बसायच्या तसे. पाणी तापलं. मी गॅसकडं वळणार, तोच यांनी बादली उचलली आणि बंबाची तोटी सोडली. न्हाणीत गेले. आत पाणी ओतल्याचा आवाज येत राहिला, नेहमीपेक्षा बराच वेळ. बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते. 

कांडी निवायची होती. चहा केला, प्यालो, पुन्हा केला. उन्हं अंगणाच्या मध्यावर आली तेव्हा मी चिमट्यानं एक कांडी अलगद काढून ताटलीत ठेवली. आकार जसाच्या तसा, पण हाताला कापसासारखी हलकी. मी ती मोडली... पांढरी. मध्येही पांढरी. दुसरी काढली, तीही. तिसरी यांनी मोडली. तिळाएवढंही काळं कुठं नव्हतं. यांनी तो अर्धा तुकडा उजेडात फिरवून फिरवून पाहिला आणि खिशातून फोन काढून माझ्या हातात दिला. "अन्वरभाईले सांग. मले बोलता नाई यायचं." मी नंबर लावला. म्हटलं, "भाई, ताईंचा शेवटचा घाणा पेटवला. पोट पांढरं हाय. पुरं पांढरं." पलीकडून एकदम ओरडल्यासारखा आवाज आला, "सुभानल्ला! वैनी, खरं सांगता? लय मोठं काम झालं हो... मॅडमले सांगतलं काय?"

बोलून गेल्यावर त्यांच्या ध्यानात आलं. हे माझ्याकडं पाहत होते. ताटलीतली राख वाऱ्यानं जराशी हलली.

मी म्हटलं, "सांगतलं, भाई. पहिले त्यायलेच सांगतलं."